दुखापतीची रजा

36 विजय, 36 पराभव, 97 दिवस गैरहजर. सुमोचा 72 वा योकोझुना किसेनोसातो याची त्या सर्वोच्च पदावरची कारकीर्द एवढ्या आकड्यांत आटोपते. 2017 च्या जानेवारीत तो योकोझुना झाला, तेव्हा जपानमध्ये जन्मलेल्या मल्लाला हा मान 19 वर्षांनी मिळत होता. त्याआधी 1998 मध्ये वाकानोहाना या पदावर चढला होता. नंतरचे सगळे योकोझुना हवाई आणि मंगोलियातून आलेले. दोनच वर्षांनी, 2019 च्या जानेवारीत, किसेनोसातो निवृत्त झाला. योकोझुना म्हणून वाट्याला आलेल्या बारा स्पर्धांपैकी शेवटच्या दिवसापर्यंत त्याने लढलेल्या स्पर्धा दोन. या कारकिर्दीचा अर्थ बहुतेक वेळा एकाच पद्धतीने लावला जातो: मोठा जिगरबाज मल्ल, पण दैव आड आले. जिगर खरीच होती. मात्र दैवाच्या खात्यावर टाकलेल्या या हिशेबाचा बराचसा भाग माणसांनी केलेल्या नियमांचा आहे आणि ते नियम बदलता येतात, असे माझे म्हणणे आहे. सुमोची रचनाच अशी आहे की जखमी मल्लाला विश्रांती घेणे हे जखमी अंगाने लढण्यापेक्षा जवळजवळ नेहमी महाग पडते. म्हणून तो लढतो, आणि पाहणारे त्या लढण्याला शौर्य म्हणतात.

ही रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. वर्षाला सहा मोठ्या स्पर्धा असतात: जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये टोकियोत, मार्चमध्ये ओसाकात, जुलैत नागोयात आणि नोव्हेंबरमध्ये फुकुओकात. प्रत्येक स्पर्धा 15 दिवसांची. वरच्या दोन वर्गांतले मल्ल रोज एक लढत देतात, म्हणजे वर्षाला 90 लढती. मधल्या काळात गावोगावचे दौरे असतात. वजनी गट नाहीत. वरच्या वर्गातल्या मल्लाचे सरासरी वजन आता 160 किलोच्या आसपास आहे, आणि अशी दोन शरीरे 4.55 मीटर व्यासाच्या वर्तुळात पूर्ण जोराने एकमेकांवर आदळतात. हा आखाडा जमिनीपासून सुमारे दोन फूट उंच असतो, त्यामुळे हरणारा पुष्कळदा वर्तुळाबाहेर पडून थांबत नाही, तो खाली कोसळतो. प्रत्येक स्पर्धेनंतर बांझुके, म्हणजे क्रमवारीचा तक्ता, नव्याने लिहिला जातो. 15 पैकी आठ जिंकले तर माणूस वर सरकतो, सात किंवा कमी जिंकले तर खाली घसरतो. गैरहजर राहिलेला दिवस क्रमवारीच्या हिशेबात हरलेल्या दिवसासारखाच धरला जातो. स्नायू फाटून रुग्णालयात पडलेला मल्ल आणि पंधराही दिवस हरलेला मल्ल यांच्यात हा तक्ता फारसा भेद करत नाही. या लेखातला सगळा वाद या एका नियमाभोवती आहे.

किसेनोसातो या नियमाखाली घडलेला माणूस. 1986 चा जन्म, बालपण इबाराकी प्रांतात, आणि शाळेची सक्तीची वर्षे संपताच, 2002 च्या मार्चमध्ये, नारुतो तालमीत प्रवेश. 18 व्या वर्षी तो सर्वोच्च वर्गात पोहोचला. इतक्या लहान वयात तिथे पोहोचलेला त्याच्या आधीचा मल्ल एकच, ताकानोहाना. तालमीचा वस्ताद होता पूर्वीचा योकोझुना ताकानोसातो. त्याच्या सरावाची कडकपणाबद्दल ख्याती होती. ताकानोसातोला मधुमेह होता. तो सांभाळत 1983 मध्ये, 30 व्या वर्षी, तो योकोझुना झाला आणि त्याच वर्षी गाजत असलेल्या ओशिन या मालिकेतल्या सोशिक नायिकेवरून लोक त्याला ‘ओशिन योकोझुना’ म्हणू लागले. शिष्याच्या अंगी आलेली सहनशक्ती कोणाकडून आली हे त्यावरून दिसते. पण ताकानोसातोचे सोसणे हे आंधळे सोसणे नव्हते, आणि ही बाब त्याच्या गौरवात सहसा मागे पडते. त्याने आपल्या आजाराचा अभ्यास केला, आहार बदलला, व्यायामाच्या आधुनिक पद्धती स्वीकारल्या. रोगाकडे दुर्लक्ष करून तो वर चढला नाही, रोगाची दखल घेऊन चढला. 2011 च्या नोव्हेंबरमध्ये, किसेनोसातो ओझेकी, म्हणजे योकोझुनाच्या खालोखालच्या पदाचा मल्ल, होण्याच्या उंबरठ्यावर असताना, ताकानोसातो वारला.

मार्च 2017 पूर्वीच्या पंधरा वर्षांत किसेनोसातो केवळ एकाच दिवशी गैरहजर होता. 2014 च्या जानेवारीत पायाच्या अंगठ्याला दुखापत झाली, सात विजय आणि सात पराभव अशी स्थिती होती आणि शेवटच्या दिवशी तो उतरू शकला नाही. ती लढत पराभव म्हणून नोंदली गेली, हिशेब 7–8 असा तोट्यात गेला आणि पुढच्या स्पर्धेत ओझेकीपद वाचवण्याची वेळ त्याच्यावर आली. पंधरा वर्षांतली एक सुटी, आणि तिची ही किंमत. योकोझुना हाकुहोची सलग 63 विजयांची मालिका 2010 मध्ये तोडणारा मल्ल हाच. 2016 मध्ये एकही विजेतेपद न मिळवता वर्षभरात सर्वांत जास्त, 69 लढती जिंकणाराही हाच. असा सातत्याचा मल्ल दुसरा दाखवणे कठीण. सातत्य म्हणजे रोज हजर राहणे, हा धडा त्याला लहानपणापासून मिळाला होता आणि 2014 च्या त्या एका दिवसाने तो आणखी घट्ट केला.

आता मार्च 2017 ची ओसाकातली स्पर्धा. योकोझुना म्हणून किसेनोसातोची पहिलीच. बारा दिवस, बारा विजय. तेराव्या दिवशी हारुमाफुजीच्या धडकेने तो आखाड्याबाहेर फेकला गेला आणि डाव्या छातीला व दंडाला मोठी इजा झाली. त्याची कुस्ती डाव्या हातावर उभी होती हे इथे सांगायलाच हवे. प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या हाताला डाव्या हाताने खालून दाबत वर रेटायचे, त्याची पकड बसूच द्यायची नाही आणि छातीला छाती भिडवून पुढे चालायचे, हे त्याचे हुकमी अस्त्र. निकामी झाले ते नेमके हेच. चौदाव्या दिवशी काकुर्यूसमोर तो काही क्षणांत रेषेबाहेर गेला. पंधराव्या दिवशी छातीपासून दंडापर्यंत जाड पट्ट्या गुंडाळून तो तेरुनोफुजीसमोर उभा राहिला. तेरुनोफुजी एका विजयाने पुढे होता. विजेतेपदासाठी किसेनोसातोला त्याला एकाच दिवशी दोनदा हरवावे लागणार होते. पहिल्या लढतीत मागे रेटला जात असताना त्याने उजव्या हाताने तेरुनोफुजीला बाजूला पाडले. निर्णायक लढतीत पुन्हा रेषेपर्यंत मागे गेला आणि तिथून, पुन्हा उजव्याच हाताने, प्रतिस्पर्ध्याचा हात कवेत धरून त्याला फेकले. दोन्ही वेळा डावा हात जवळपास नुसता लोंबत होता. राष्ट्रगीत सुरू झाले तेव्हा त्याला रडू आवरले नाही. त्या दोन लढती पाहून ज्याचे मन हलले नाही असा माणूस विरळाच, आणि त्यात चूक काही नाही.

चूक त्यानंतर झाली, आणि ती एकट्या किसेनोसातोची नव्हती. त्या दोन दिवसांनी दुखापत किती वाढली हे आज कोणी सिद्ध करू शकत नाही. मूळ इजा तेराव्या दिवशीच्या रीतसर लढतीत झाली होती, तेव्हा चौदाव्या दिवशी माघार घेतली असती तर सगळे वाचले असते असा दावा मी करणार नाही. पण पुढचे वेळापत्रक पाहावे. मे 2017 मध्ये तो उतरला आणि मध्येच बाहेर पडला. जुलैत तेच झाले, नोव्हेंबरमध्ये तेच, जानेवारी 2018 मध्येही तेच. चार वेळा उतरला, चारही वेळा स्पर्धा अर्धवट सोडली. सप्टेंबर 2017 मध्ये आणि 2018 च्या पुढच्या तीन स्पर्धांत तर उतरलाच नाही. योकोझुनाच्या सलग आठ स्पर्धा अशा जाण्याचा तो विक्रम ठरला. फाटलेला स्नायू भरायला लागणारा वेळ आणि दोन महिन्यांनी येणारी पुढची स्पर्धा यांचा मेळ बसत नव्हता, आणि दर वेळी स्पर्धेचे वेळापत्रक जिंकत होते. योकोझुनाची पदावनती होत नाही, ही सवलत वाटते. प्रत्यक्षात तिचा अर्थ असा की त्याला खाली उतरून पुन्हा बांधणी करण्याची वाटच नाही. एक तर योकोझुनाला शोभेल अशी कुस्ती, नाही तर निवृत्ती. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्या चारही लढती हरून त्याने स्पर्धा सोडली, तेव्हा योकोझुनांच्या कामगिरीवर मत देणाऱ्या समितीने त्याला ‘प्रोत्साहना’चा ठराव पाठवला. 1950 पासूनच्या समितीच्या इतिहासात असा ठराव पहिलाच. नाव प्रोत्साहनाचे असले तरी निवृत्तीच्या शिफारशीकडे नेणाऱ्या पायऱ्यांपैकी ती पहिली असते. त्यानंतरच्या जानेवारीत सलग तीन पराभव, आणि कारकीर्द संपली.

हा एकटा अपवाद असता तर दैव म्हणून सोडून देता आले असते. 2001 च्या मे महिन्यात योकोझुना ताकानोहाना तेरा दिवस अजिंक्य होता. चौदाव्या दिवशी मुसोयामाशी लढताना त्याचा उजवा गुडघा गेला. शेवटच्या दिवशी मुसाशिमारूकडून एक लढत हरून त्याने निर्णायक लढत जिंकली, आणि पंतप्रधान कोइझुमी यांनी करंडक देताना त्याने वेदना सोसल्या म्हणून भर आखाड्यात भारावून जाऊन त्याचे अभिनंदन केले. ते ताकानोहानाचे 22 वे विजेतेपद होते आणि शेवटचेही. पुढच्या सात स्पर्धा तो बाहेर होता, परत येऊन एक स्पर्धा पूर्ण लढला, आणि 2003 च्या जानेवारीत, 30 व्या वर्षी, निवृत्त झाला. 2024 च्या मार्चमध्ये, पुन्हा ओसाकातच, ताकेरुफुजी हा अगदी नवा मल्ल सर्वोच्च वर्गातल्या आपल्या पहिल्याच स्पर्धेत विजेतेपदाच्या जवळ आला. पहिल्याच स्पर्धेत विजेतेपद मिळवणे 1914 नंतर कोणाला जमले नव्हते. इतका नवा की वरच्या वर्गाची शेंडी बांधण्याएवढे त्याचे केसही वाढले नव्हते. चौदाव्या दिवशी त्याचा उजवा घोटा दुखावला आणि त्याला रुग्णवाहिकेतून नेण्यात आले. पंधराव्या दिवशी तो लढला, जिंकला, विजेता झाला. मे महिन्याची स्पर्धा पूर्ण चुकली आणि तो दुसऱ्या वर्गात घसरला. त्याचे तारुण्य कामी आले, सप्टेंबरमध्ये तो वर्ग जिंकून तो परतला. पण नमुना तोच: चौदाव्या दिवसाची जखम, पंधराव्या दिवसाचा जयघोष आणि मग रिकामे महिने. जयघोष सगळ्यांनी पाहिलेला असतो. रिकाम्या महिन्यांना प्रेक्षक नसतो. पुढच्या जखमी मल्लाच्या मनात जयघोषच राहतो.

2017 च्या त्या निर्णायक लढतीत समोर कोण होता, याचाही विचार व्हायला हवा. तेरुनोफुजीचे गुडघे 2015 पासून त्रास देत होते. आदल्या दिवशी त्याने कोतोशोगिकूविरुद्ध बाजूला सरकून सोपा विजय घेतला म्हणून प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती, आणि मंगोलियाला परत जा अशा आरोळ्याही त्यात होत्या. एका आखाड्यात दोन दुखावलेले मल्ल. एकाची जखम महाकाव्य झाली आणि दुसऱ्याची कोणाला दिसलीच नाही. त्याच वर्षी तेरुनोफुजीचे ओझेकीपद गेले. गुडघ्यांच्या जोडीला मधुमेह आणि यकृताचा विकार आला, गैरहजेरी वाढत गेली, आणि 2019 च्या मार्चमध्ये तो खालून दुसऱ्या वर्गात 48 व्या क्रमांकावर पोहोचला. तिथून तो परत चढला. 2020 च्या जुलैत सर्वोच्च वर्गाच्या अगदी तळाकडून विजेता झाला, 2021 मध्ये 73 वा योकोझुना झाला आणि 2025 च्या जानेवारीत दहा विजेतेपदे नावावर घेऊन निवृत्त झाला. माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप तेरुनोफुजीची ही कारकीर्दच आहे. ज्याच्यात दम आहे तो तळातून परत येतो, नियम कठोर असला तरी न्याय्य आहे, असे त्यातून म्हणता येते. पण एकच माणूस वर आला म्हणून पायऱ्या सुरक्षित ठरत नाहीत. ओझेकी राहिलेला मल्ल इतका खाली जाऊन परत आल्याचे हे एकमेव उदाहरण आहे, आणि त्यानेही मध्ये अनेकदा वस्तादाकडे निवृत्तीची परवानगी मागितली होती. शिवाय तळातल्या त्या लढती तो ज्यांच्याशी लढला ते बहुतेक पोरसवदा, नवशिके मल्ल होते. जखमी ओझेकीला नवशिक्यांमध्ये ढकलण्यात ना त्याचे हित, ना त्यांचे.

वरच्या मल्लांच्या कथा गाजतात म्हणून मी त्यांच्यापासून सुरुवात केली, पण नियमाचा खरा जाच मधल्या पायरीवर आहे. सुमोत सुमारे सहाशे मल्ल आहेत. त्यांपैकी पगार मिळतो तो वरच्या दोन वर्गांतल्या 70 जणांना. दुसऱ्या वर्गाच्या, म्हणजे ज्यूर्योच्या, मल्लाला महिन्याला 11 लाख येन मिळतात. त्याच्या लगेच खाली, माकुशितात, पगार शून्य, स्पर्धेगणिक थोडासा भत्ता. फरक पैशापुरता नाही. ज्यूर्योच्या मल्लाला स्पर्धेत रेशमी लंगोट, तालमीत स्वतंत्र खोली, हाताशी सेवक, आणि लग्न करून वेगळे घर थाटण्याची मुभा. एक पायरी घसरला की काळा सुती लंगोट, सगळ्यांची मिळून एक मोठी खोली, आणि कालपर्यंत ज्यांच्याशी बरोबरीने लढला त्यांची पाठ चोळण्याचे काम. अशा माणसाचा गुडघा फाटला तर तो काय करेल? शस्त्रक्रिया करून सहा महिने थांबला तर तीन स्पर्धा जातात, आणि तीन स्पर्धा गेल्या म्हणजे पगार, खोली, सेवक सगळे गेले. तो पट्टी बांधतो आणि उतरतो. ज्याच्यापुढे दुसरी वाट ठेवलेली नाही त्याने धरलेल्या वाटेला निर्धार म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरी वाट एके काळी होती. 1972 मध्ये सुमो संघटनेने कोशो नावाची दुखापतीची रजा सुरू केली. स्पर्धेतल्या लढतीत इजा झाली आणि ती वैद्यकीयदृष्ट्या मान्य झाली, तर पुढच्या स्पर्धेत गैरहजर राहूनही मल्लाचा क्रम तसाच राही. ही सोय सुमारे 32 वर्षे चालली. 2003 अखेर ती बंद झाली, कारण रजा घेणाऱ्यांची संख्या फार वाढली होती आणि किरकोळ दुखण्यासाठीही तिचा वापर होतो अशी तक्रार होती. ही तक्रार खोटी होती असे मी म्हणत नाही. सवलत असली की तिचा गैरवापर होतो, हे कोणत्याही खात्यात काम केलेल्या माणसाला माहीत असते. पण गैरवापरावर उपाय म्हणून तपासणी कडक करतात. तपासणारा डॉक्टर तालमीचा नको, संघटनेने नेमलेला पण तालमींपासून स्वतंत्र असा हवा. रजेची मर्यादा इजेच्या प्रकारावर ठरवावी. हवे तर क्रम पूर्ण न राखता घसरण निम्मी करावी. यांपैकी काहीच न करता संपूर्ण सोय मोडीत काढली गेली. रजा घेणारे वाढले याचा दुसरा अर्थ दुखापती वाढल्या असाही होऊ शकतो, आणि वाढत्या वजनांच्या त्या काळात तो अधिक संभवनीय होता.

याला जोडून एक सूक्ष्म आक्षेप घेतला जातो. क्रमवारीत जागा ठरावीक आहेत; जखमी मल्लाची जागा राखली तर खालून आठ-नऊ लढती जिंकून आलेल्या निरोगी मल्लाची बढती अडते, आणि एकावरचा अन्याय टाळताना दुसऱ्यावर होतो. हा आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर संघटनेनेच देऊन ठेवले आहे. कोशो बंद करताना 2004 च्या जानेवारीपासून सर्वोच्च वर्गाच्या जागा 40 वरून 42 आणि ज्यूर्योच्या 26 वरून 28 केल्या गेल्या. म्हणजे जागांची संख्या दगडावर कोरलेली नाही; राखीव क्रमासाठी तात्पुरत्या जादा जागा निर्माण करता येतील. त्याहून बोलका दाखला करोनाच्या साथीतला आहे. 2021 च्या जानेवारीत संसर्ग झालेले आणि त्यांच्या तालमीतले मिळून साठाहून अधिक मल्ल स्पर्धेला मुकले, त्यात खुद्द हाकुहोही होता. त्यांना पंधरा दिवस हरल्यासारखे खाली ढकलले गेले नाही, त्यांचा क्रम जवळपास तसाच ठेवला गेला. विषाणूच्या बाबतीत संघटनेला जे न्याय्य वाटले ते तिच्याच आखाड्यात फाटलेल्या स्नायूच्या बाबतीत का वाटू नये? उलट विषाणू बाहेरून आला होता. स्नायू तर तिच्याच स्पर्धेत, तिच्याच तिकीटधारकांसमोर फाटतो.

मग उरतो परंपरेचा आधार. सुमो हा निव्वळ खेळ नाही, त्यात शिंतो विधी आहेत, मीठ उधळणे आहे, आणि वेदना गिळून उभे राहणे हा त्याचा आत्मा आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण जो नियम ते परंपरा म्हणून राखू पाहतात तो परंपरेपेक्षा बराच तरुण आहे. 15 दिवसांची स्पर्धा 1939 पासूनची, आणि ती योकोझुना फुताबायामाच्या लोकप्रियतेमुळे, तिकिटांच्या रांगा लांबल्या म्हणून वाढवली गेली. वर्षाला सहा स्पर्धा 1958 पासूनच्या. लढतीपूर्वीच्या तयारीला वेळेची मर्यादा घातली गेली ती 1928 मध्ये, रेडिओवर प्रक्षेपण सुरू झाले म्हणून. 1969 च्या मार्चमध्ये योकोझुना ताइहोची 45 विजयांची मालिका पंचांच्या चुकीने तुटली, तर दोनच महिन्यांत निर्णयासाठी चित्रफीत पाहायला सुरुवात झाली. रेडिओसाठी, तिकिटांसाठी आणि निकालाच्या अचूकतेसाठी सुमो बदलला आहे, आणि त्याने काही त्याचे सत्त्व गेले नाही. वर्षाला दोन स्पर्धा होत्या त्या काळात मल्लाच्या शरीराला भरून यायला आपोआप महिने मिळत. सहा स्पर्धांनी ती विश्रांती काढून घेतली, आणि कोशोने तिचा थोडा भाग परत दिला होता. परंपरेचाच कैवार घ्यायचा तर ही रजा परत आणणे त्या जुन्या गतीच्या अधिक जवळ जाणारे आहे.

मात्र एवढे केल्याने ताकानोहाना थांबला नसता, हे मान्य केले पाहिजे. 2001 मध्ये कोशो अस्तित्वात होती. योकोझुनाला क्रमाची भीतीही नव्हती. तरी तो उतरला. किसेनोसातोचेही तेच. शिखरावर मल्लाला डांबून ठेवते ती मानाची अपेक्षा, आणि तिच्यावर रजेचा इलाज नाही. तिथे दुसरी गोष्ट लागते: थांबवण्याचा अधिकार असलेला, मल्लाच्या आणि वस्तादाच्या इच्छेशी बांधील नसलेला डॉक्टर. 2021 च्या जानेवारीत शोनानोउमी या मल्लाचे डोके प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर आपटले, लढत नव्याने सुरू करायची होती, आणि तो पायांवर धड उभाही राहू शकत नव्हता. पंचांनी त्यालाच विचारले. तो लढतो म्हणाला, आणि त्याला लढू दिले. डोक्याला मार लागलेल्या माणसालाच त्याच्या डोक्याची स्थिती विचारण्यात आली. टीका झाल्यावर नियम बदलला, पण अशा मल्लाला थांबवले की त्याचा पराभव नोंदला जाऊ लागला. म्हणजे उभे राहून ‘मी ठीक आहे’ म्हणण्याची ओढ तशीच राहिली. दोन महिन्यांनी, 26 मार्चला, हिबिकिर्यू हा 28 वर्षांचा मल्ल डोक्यावर पडला आणि कित्येक मिनिटे आखाड्यातच पालथा पडून राहिला. 28 एप्रिलला तो वारला. मृत्यूचे कारण तीव्र श्वसननिकामीपणा सांगितले गेले. पडण्याशी त्याचा नेमका संबंध किती, हा वैद्यकीय प्रश्न बाजूला ठेवू. ती मिनिटे गेली, आणि त्या मिनिटांत आखाड्यावर धाव घेण्याचे काम ज्याचे आहे असा डॉक्टर तिथे नव्हता, एवढे पुरेसे आहे.

किसेनोसातोने निवृत्तीच्या दिवशी रडत सांगितले की आपल्या मल्लजीवनाबद्दल कणभरही खंत नाही. ज्याला खंत नाही त्याच्या वतीने इतरांनी तक्रार का करावी, असा सवाल त्यावरून केला जातो. त्याचे शब्द मी शब्दशः खरे मानतो. पण खंत नसणे हा त्या माणसाच्या मनाचा दाखला आहे, व्यवस्थेचा नाही. आणि ज्याला दुसरी वाट कधी दाखवलीच नाही तो तिच्याबद्दल काय हळहळणार? निवृत्तीनंतर त्याने काय केले ते या बाबतीत अधिक सांगणारे आहे. तो वासेदा विद्यापीठात क्रीडाशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाला गेला. इबाराकीतल्या आमी गावात त्याने निशोनोसेकी तालीम उभारली, आणि सरावासाठी एकाऐवजी दोन आखाडे बांधले. या तालमीतून ओनोसातो घडला आणि 2025 च्या मे महिन्यातल्या विजेतेपदानंतर 75 वा योकोझुना झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, फुकुओकात, ओनोसातो विजेतेपदाच्या शर्यतीत असताना शेवटच्या दिवशी डाव्या खांद्याच्या दुखापतीमुळे उतरला नाही. वस्तादाच्या 2017 च्या प्रसंगाशी जवळजवळ जुळणारा प्रसंग, आणि निर्णय उलट. विजेतेपद गेले. त्याबद्दल नाराजी व्यक्त करणारेही होते, पण मला त्या गैरहजेरीत अधिक जबाबदारी दिसते.

तरीही ओनोसातोला हे परवडले, कारण त्याचे पद जाणार नव्हते आणि पगारही जाणार नव्हता. ज्यूर्योच्या शेवटच्या क्रमांकावर, सात विजय आणि सात पराभव घेऊन, दुखऱ्या खांद्याने पंधराव्या दिवसाची वाट पाहणाऱ्या मल्लाला तो शहाणपणा आजच्या नियमांत परवडत नाही. म्हणून सुरुवात त्याच्यापासून करावी लागेल: स्पर्धेत झालेल्या, स्वतंत्र डॉक्टरने तपासलेल्या दुखापतीसाठी निदान एका स्पर्धेची रजा आणि त्या काळात पगाराची हमी. संघटनेच्या संचालक मंडळावर बहुतांशी माजी मल्लच असतात. गुडघे, खांदे आणि कंबर यांची किंमत काय असते हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. 2003 मध्ये जो निर्णय त्यांच्या आधीच्या पिढीने घेतला तो पुन्हा उघडून पाहण्यासाठी त्यांना एक बैठक पुरेल.